नागपूरकर भोसल्यांचे गृहयुद्ध (१७७२-१७७५)

आजचा नरखेड तालुका अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. वर्धा नदीपलीकडील वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल होता. १७७२ मध्ये जानोजी भोसले निपुत्रिक वारले. बंधू मुधोजींचा पुत्र रघुजी दत्तक ठरला असताना दुसरे बंधू साबाजी यांनी सत्तेवर हक्क सांगितला. याला आम्ही निव्वळ भाऊबंदकी म्हणणार नाही. कारण पुण्याच्या सत्तास्पर्धेत रघुनाथराव मुधोजींच्या, तर बारभाई साबाजींच्या पाठीशी राहिले आणि निजामाचे सैन्यही साबाजींच्या मदतीस आले. दि. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळील पाचगाव येथे साबाजींचा विजय जवळजवळ निश्चित होता. हत्ती पुढे घालून त्यांनी मुधोजींना शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी गोळी झाडली. साबाजी जागीच ठार झाले. पुढे मुधोजींनी रघुजींच्या नावे राज्यकारभार चालविला.