शिक्षा ठरलेली की तोललेली?

मंडळी, कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेत दोघे चोरी करताना सापडले, असे समजा. एकाने उपाशी पोरासाठी चार पैसे उचलले. दुसऱ्याचा खिसे कापण्याचा धंदाच. दोघांना सारखीच शिक्षा द्यावी काय?

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ एप्रिल १९५१ पासून १८६० सालची भारतीय दंडसंहिता इकडे लागू झाली. तिच्यात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. त्यातली किती द्यायची, ते न्यायाधीशाने तोलावे. कलम ३०३ मात्र काळ्या दगडावरची रेघ! जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला की फाशीच. खून कोणत्या परिस्थितीत झाला, हे पाहण्यास वावच नव्हता.

१९८३ साली मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. तेव्हा सरन्यायाधीश होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड. २०२३ च्या न्याय संहितेत अशा गुन्ह्याला फाशी किंवा मरेपर्यंत कैद, असे दोन मार्ग आहेत.

कोणी म्हणेल, तराजू माणसाच्या हाती दिला की वशिला शिरतो. ही भीती खोटी नव्हे. म्हणूनच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बजावले, की फाशी देताना खास कारणे लिहा. कारण कागदावर आले म्हणजे वरच्या कोर्टाला ते तपासता येते.

तेव्हा गुरुजी, वर्गात हा प्रश्न निघाला तर मुलांना एवढे सांगा: शिक्षा तोलूनच द्यावी; पण तोलणाऱ्याने वजने सर्वांना दाखवावीत.