सुविधा केंद्र, महामार्गावरील
द्रुतगती महामार्गालगत इंधन, उपाहारगृह, स्वच्छतागृह, वाहनतळ व टायर-दुरुस्ती एकाच आवारात पुरविणारा थांबा. अशा महामार्गांपैकी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किमी. लांबीचा असून त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. प्रवेश नियंत्रित असल्याने जुन्या रस्त्यांसारखे धाबे व चहाच्या टपऱ्या येथे वाटेत लागत नाहीत. म्हणून ही केंद्रे अत्यावश्यक ठरतात. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला गुंगी येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेले टायर फुटण्याचा धोका वाढतो. खाली उतरून तोंडावर पाणी मारणे, टायरमधील हवा तपासणे, चहा घेणे एवढ्यानेही चालक सावध होतो. दर दोन तासांनी असा थांबा घ्यावाच.