पै-पैचा प्रासाद : लिव्हरपूलचे रॉयल लायव्हर भवन

इंग्लंडच्या वायव्येस मर्सी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे लिव्हरपूल हे बंदर वसलेले आहे. या नगराचे नाव मुंबईकरांस अपरिचित नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागविण्यासाठी वऱ्हाड-खानदेशातील कापसाच्या गासड्या मुंबईच्या धक्क्यावरून ज्या बंदरी रवाना झाल्या, ते हेच लिव्हरपूल. अशा या नगराच्या नदीकाठी तीन भव्य इमारती एका रांगेत उभ्या आहेत. नदीतून पाहिले असता उजव्या हातास बंदर-मंडळाची, मध्ये क्यूनार्ड आगबोट कंपनीची आणि डाव्या हातास, दोन उंच मनोऱ्यांची व त्या मनोऱ्यांवर पंख उभारून बसलेल्या दोन पक्ष्यांची रॉयल लायव्हर ही इमारत दिसते.

पहिल्या दोन इमारतींचा धनी कोण, हे सांगावयास नको; व्यापार आणि जहाजे यांच्या संपत्तीतून त्या उभ्या राहिल्या. तिसरीची कथा मात्र निराळी आहे. ३२२ फूट उंचीची ही कचेरी कोणा सरदाराच्या वा सावकाराच्या पैशाने उभारलेली नाही. मृत्यूनंतर आपल्या देहाची माती मानाने व्हावी, एवढीच ज्यांची इच्छा होती, अशा गोरगरिबांनी आठवड्याला टाकलेल्या एकेका पेनीतून ती उभी राहिली.

ही इच्छा आज लहान वाटेल. त्या काळी ती लहान नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिव्हरपूलमध्ये आयर्लंडच्या दुष्काळाने देशोधडीस लावलेली माणसे लोंढ्यांनी येत होती. तळघरांतून आठ-आठ, दहा-दहा जणांनी राहावे, गोदीवर रोजंदारी मिळेल त्या दिवशी जेवावे आणि पटकीच्या साथीत मरावे, अशी स्थिती होती. मागे पैसा नसेल, तर सरकारी खर्चाने सामाईक खड्ड्यात पुरले जाणे नशिबी येई. तेथे ना नावाचा दगड, ना स्वतंत्र थडगे. त्यात १८३२ साली पार्लमेंटने केलेल्या एका कायद्याने, निराधारांच्या आश्रयगृहात मेलेल्या ज्या माणसाचे प्रेत मागावयास कोणी येणार नाही, ते वैद्यकशाळेत चिरफाडीसाठी देण्याची मुभा दिली होती. जन्मभर दारिद्र्य सोसलेल्या माणसाला मरणापेक्षाही या शेवटच्या विटंबनेचे भय अधिक वाटे.

या भयातून १८५० साली लिव्हरपूलमधील नऊ कष्टकरी माणसे ‘लायव्हर’ नावाच्या एका पानगृहात एकत्र जमली व त्यांनी एक दफन-सहाय्यक संस्था स्थापन केली. नियम सोपा होता. सभासदाने दर आठवड्यास ठराविक चिल्लर भरावी आणि त्याच्या घरी मृत्यू घडल्यास अंत्यविधीचा खर्च संस्थेने द्यावा. पानगृहाचे नाव संस्थेस मिळाले. त्या नावाचे मूळ नगराच्या जुन्या मुद्रेवरील पक्ष्यात आहे. १२०७ साली जॉन राजाने लिव्हरपूलला सनद दिली, तेव्हा संत जॉनचे चिन्ह असलेला गरुड मुद्रेवर घेण्यात आला. परंतु खोदणाऱ्याच्या हातून तो असा काही उतरला की, पुढील पिढ्यांनी त्यास पाणकावळा मानले आणि ‘लायव्हर पक्षी’ असे नाव दिले. नगराचा उच्चार लिव्हर, पक्ष्याचा मात्र लायव्हर, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

संस्थेचे वसुली-कारकून घरोघर फिरत, दारात उभे राहून पेनी घेत व पुस्तकात सही करीत. अशा वसुलीच्या पद्धतीवर त्या काळी टीकाही पुष्कळ झाली, आणि ती निराधार नव्हती. वसूल झालेल्या पैशाचा मोठा वाटा वसूल करणाऱ्यांच्या मेहनतान्यात जाई. चार आठवडे काम नसले की हप्ता चुके आणि आजवर भरलेले बुडे. तरीही गरिबांनी या संस्था सोडल्या नाहीत, कारण त्यांच्या दाराशी दुसरे कोणी येतच नव्हते. नऊ माणसांच्या या मंडळीचा पसारा इतका वाढला की, १९०७ च्या सुमारास तिच्या पदरी सहा हजारांवर नोकर होते, आणि नव्या मुख्य कचेरीची गरज भासू लागली.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. गरिबांच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेने एवढा राजेशाही थाट का करावा? याचे उत्तर तिच्या व्यवसायातच आहे. कापडाचा व्यापारी ग्राहकास कापड दाखवू शकतो. या संस्थेपाशी विकावयास होते ते केवळ वचन, आणि तेही ग्राहक डोळे मिटल्यावर पाळावयाचे. ते पाळले गेले की नाही, हे पाहण्यास ग्राहक स्वतः असणार नव्हता. अशा वचनास डोळ्यांना दिसेल असे काही भक्कम तारण हवे होते. नदीकाठचा पाषाणमय मनोरा हे ते तारण होय.

जागा मिळाली ती पाण्याच्या पोटातून. १७७१ साली खुल्या झालेल्या जॉर्जेस डॉक या गोदीत जुनी शिडाची जहाजे लागत. लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचे ब्रिटनमधील प्रमुख बंदर होते, त्या दिवसांतील ही गोदी. पुढे आगबोटींचा आकार वाढला, गोदी अपुरी पडली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती बुजविण्यात आली. समुद्र हटवून जमीन करण्याची कला मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली असल्याने, पूर्वी जेथे जहाजे तरंगत तेथे मनोरे कसे चढले, हे त्यांना निराळे सांगण्याची जरुरी नाही.

इमारतीचा आराखडा वॉल्टर ऑब्रे टॉमस या स्थानिक वास्तुविशारदाचा. दगडविटांच्या जुन्या बांधणीत सारा भार भिंतीवर असे. म्हणून मजले वाढवावे तसतशी तळची भिंत जाड करावी लागे, आणि अखेर खालच्या मजल्यावर माणसांपेक्षा भिंतीच जागा व्यापीत. टॉमसने निराळा मार्ग धरला. फ्रान्समधील हेनेबिक याने १८९२ साली पेटंट घेतलेली, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची पद्धत त्याने योजली. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की भंगते. लोखंड ताण सोसते. दोहोंचा मिलाफ केला म्हणजे खांब व तुळया यांचा एकसंध सांगाडा तयार होतो आणि सारा भार तो वाहतो. बाहेर दिसणारा करडा ग्रॅनाइट हा केवळ अंगरखा होय. आज शहरांतल्या बहुतेक इमारती याच तत्त्वावर उभ्या राहतात. त्या वेळी मात्र इतक्या उंचीची इमारत या रीतीने टिकेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. ११ मे १९०८ रोजी कोनशिला बसली आणि १९ जुलै १९११ रोजी, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आत, उद्घाटनही झाले. युरोपातील आरंभीच्या गगनचुंबी इमारतींत तिची गणना होते.

मनोऱ्यांवर चार घड्याळे आहेत, तीन नदीकडील मनोऱ्यावर व एक शहराकडील मनोऱ्यावर. प्रत्येक तबकडीचा व्यास २५ फूट, म्हणजे लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील प्रसिद्ध घड्याळाहूनही अधिक. तबकडी वर चढविण्यापूर्वी तिचेच मेज करून पाहुण्यांस मेजवानी देण्यात आली होती. २२ जून १९११ रोजी पंचम जॉर्जच्या मस्तकी मुकुट ठेवला गेला, त्याच क्षणी ही घड्याळे सुरू करण्यात आली. हाच राजा त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस अपोलो बंदरावर उतरला. नदीतून जाणाऱ्या खलाशास दुरून वेळ कळावी, हा घड्याळांचा हेतू होता.

घड्याळांच्याही वर ते दोन पक्षी. तांब्याचे, १८ फूट उंच, पसरलेल्या पंखांची रुंदी २४ फूट. एकाचे तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचे शहराकडे. लोक म्हणतात की, एक दर्यावर गेलेल्यांची वाट पाहतो व दुसरा घरी राहिलेल्यांस जपतो. हे पक्षी उडून गेले, तर लिव्हरपूल नामशेष होईल, अशीही लोकसमजूत आहे.

या रक्षक पक्ष्यांच्या निर्मात्याचे रक्षण मात्र कोणी केले नाही. कार्ल बर्नार्ड बार्टेल्स हा स्टुटगार्टकडचा, लाकूड कोरणाऱ्याच्या घरात जन्मलेला जर्मन. १८८७ मध्ये तो इंग्लंडात आला व तेथेच संसार थाटून राहिला. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच तो शत्रुराष्ट्रीय ठरला. आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीत त्यास अडकवून ठेवण्यात आले आणि युद्ध संपल्यावर, पत्नी लंडनमध्ये असता, त्याची जर्मनीस रवानगी झाली. पुढे तो इंग्लंडला परतला व १९५५ मध्ये वारला. त्याचे पक्षी सारा वेळ जागच्या जागी होते. त्यांच्या कर्त्याला तेवढे घर सोडावे लागले.

१९४१ च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी सतत सात रात्री लिव्हरपूलवर बाँब टाकले. गोद्या जळाल्या, सभोवतालचे मोहल्ले जमीनदोस्त झाले, पण मनोरे उभे राहिले. दोन्ही महायुद्धांत कामास आलेल्या सभासदांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये या घड्याळांस टोल्यांचा नाद जोडण्यात आला. तोवर ती मूकपणे वेळ दाखवीत होती.

कालांतराने ज्या भयातून संस्था जन्मली, ते भयच ओसरले. इमारत पुरी झाली त्याच १९११ साली ब्रिटिश पार्लमेंटने राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. १९४६ च्या कायद्याने अंत्यविधीसाठी सरकारी मदतीचीही तरतूद झाली. दारात येऊन पेनी मागणारा कारकून हळूहळू दिसेनासा झाला. २०११ मध्ये, इमारतीच्या शताब्दीच्याच वर्षी, ही संस्था रॉयल लंडन या दुसऱ्या विमा-संस्थेत विलीन झाली. २०१७ मध्ये इमारत ४ कोटी ८० लाख पौंडांस विकली गेली.

काळाने आणखी एक चमत्कार घडविला. २००४ साली युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदर-भागास जागतिक वारशाचा मान दिला, आणि नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे त्या स्थळाचे स्वरूप बिघडले, असे ठरवून २०२१ मध्ये तो काढूनही घेतला. जी इमारत एके काळी धाडसी नवलाई होती, तीच आता नवलाईपासून जपावयाचा वारसा ठरली.

नऊ संस्थापकांची नावे आज कोणी सांगत नाही, आणि पेनी देणाऱ्या लाखो हातांची तर नोंदच नाही. ज्यांना निनावी खड्ड्याचे भय होते, ते इतिहासात निनावीच राहिले. परंतु मर्सीवरून येणारा प्रत्येक प्रवासी मान वर करून जो मनोरा पाहतो, तो त्यांचाच आहे. स्वतंत्र थडग्यासाठी जमविलेल्या चिल्लरीतून एका नगराचे मुख घडले.