माझगावच्या जीपची नातवंडं

गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक बुटका दांडा असतो. चिखलात चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली की ड्रायव्हर तो ओढतो, पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी गुरगुरत बाहेर येते. महिंद्राच्या थारने २०२०च्या नव्या जन्मातही हा दांडा जपला. पण आता हा दांडाच नसलेली थारही शोरूममध्ये मिळते. या गाडीला पुढे किती आयुष्य आहे, हा प्रश्न तिथेच येऊन अडतो.

तिचं कूळ अमेरिकन. १९४० साली तिथल्या सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती आणि नमुन्यासाठी मुदत होती अवघी ४९ दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्टने आराखडा केला आणि गाडी वेळेत पोचली. पुढे विलिज आणि फोर्डने ती लाखोंनी घडवली. मुंबईत माझगावला महिंद्राने १९४९ साली सुट्या भागांतून विलिजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. तिथून वंश वाढत एमएम ५४०पर्यंत आला: प्यूजोचं डिझेल इंजिन, कापडी हूड, मागे समोरासमोर बाकडी आणि खड्ड्यागणिक हाडं मोजणारे पाटे.

२०१०मध्ये त्याच घराण्यात ‘थार’ हे नाव आलं. चेहरा जुन्या जीपचा, पुढचं सस्पेन्शन मात्र स्कॉर्पिओच्या घरातलं. पण ती हौशी माणसाची दुसरी गाडीच राहिली. २०१९मध्ये ‘थार ७००’ नावाने शेवटच्या ७०० गाड्या काढून तिला निरोप देण्यात आला.

पुनर्जन्म झाला तो घरच्या माणसांचा विचार करून. १५ ऑगस्ट २०२०ला दाखवलेल्या, नाशिकला बनणाऱ्या नव्या थारला पक्कं छत, ऑटोमॅटिक गिअर, पुढे तोंड असलेली मागची सीटं मिळाली. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिने चार तारे मिळवले. खरी कलाटणी जानेवारी २०२३ची. त्या महिन्यात फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी, दीड लिटर डिझेलची थार ९.९९ लाखांपासून आली. हा आकडा असाच ठरलेला नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीच्या आत डिझेल इंजिन असलं की कर कमी बसतो. थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलात ही फट आणखी रुंदावली: अशा गाडीला १८ टक्के, मोठ्या इंजिनाला ४०.

जुने जीपवाले या दोनचाकी जोराच्या थारला खरी थार मानत नाहीत. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे, पण इतिहास त्यांच्या पूर्ण बाजूने नाही. पश्चिम महाराष्ट्रात वडापाला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, धावलेल्या कमांडरसारख्या बहुतेक जीपाही मागच्या दोन चाकांवरच चालत आणि टपापर्यंत माणसं भरून घाट चढत. जीपने पोट भरलं ते बहुतेक असंच.

शेजारच्या घरातलं उदाहरणही बोलकं आहे. मारुतीने जून २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी आणली ती फक्त फोर बाय फोर. डोंगरात ती अस्सल, पण चारच सीटं आणि मोठी किंमत. देशात ती थंड पडली. इथेच बनलेली जिम्नी जपानला गेली तेव्हा काही दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. म्हणजे गाडीत खोट नव्हती, घराची गरज वेगळी होती.

ती गरज महिंद्राने बरोबर हेरली. पाच दारांच्या थार रॉक्सची नोंदणी ३ ऑक्टोबर २०२४ला उघडली आणि पहिल्या तासात १.७६ लाख मागण्या आल्या. अशी लाट कायम राहत नाही. रस्त्यावर थार जितकी नित्याची होईल तितकी तिची ऐट उतरेल, आणि तेव्हा तिला धरून ठेवेल ती महिंद्राच्या इगतपुरीच्या ऑफ-रोड सरावकेंद्रातल्या चिखलात सिद्ध होणारी ताकदच. म्हणून थोडेच विकत घेत असले तरी तीन दारांची फोर बाय फोर थार कंपनीने चालू ठेवायलाच हवी; बाकीच्या साऱ्या थार तिच्याच नावावर विकल्या जातात.

दरम्यान उद्याच्या थारचे नमुने आले आहेत: २०२३ला केपटाऊनमध्ये विजेवरचा, २०२५च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत दुसरा. माझगावपासून काही मैलांवर.