हलका बार, जुनी नळी

लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबच्या बोधचिन्हावर आजही कबुतर आहे. टेनिस आणि क्रोकेचा हा प्रतिष्ठित क्लब १८६९ मध्ये सुरू झाला, तो चक्क कबुतरे मारण्यासाठी. पेटीतून जिवंत कबुतर सोडायचे आणि ते हद्दीबाहेर जाण्याआधी पाडायचे, असा तो खेळ. पक्षी चिवट आणि पैजा मोठ्या, त्यामुळे बारही जड. बारा बोअरच्या काडतुसात सव्वा औंस, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम छर्रे भरत.

पुढे कबुतराच्या जागी काचेचे पोकळ गोळे उडवू लागले. १८८० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजक्या मातीची तबकडी आणली. पिंजऱ्यातले पक्षी सोडून मारण्यावर ब्रिटनमध्ये १९२१ च्या कायद्याने बंदी आली आणि तबकडीचे राज्य सुरू झाले. तबकडीत आता माती नसते, डांबर आणि चुनखडी असते. नाव मात्र ‘क्ले पिजन’च राहिले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले, ते अशाच तबकड्या फोडून.

तबकडीला कबुतराइतका जड बार लागत नाही. ऑलिंपिकमध्ये आता २४ ग्रॅम छर्ऱ्यांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये आजोबांची दुनळी बंदूक कपाटातून काढून रविवारी तबकड्या फोडणारे हौशी नेमबाज पुष्कळ. अशा बंदुकीचे वजन सुमारे तीन किलो. बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांच्या नावाने एक ठोकताळा सांगतात: बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. २८ ग्रॅमला २.७ किलो पुरते. ३६ ग्रॅमला जवळजवळ साडेतीन किलो हवेत. दिवसाला शंभर बार उडवायचे तर हा फरक खांद्याला कळतोच. शिवाय धक्क्यांनी तेल मुरलेला अक्रोडाचा दस्ता चिरतो, सांधे ढिले पडतात. हलक्या बाराने हे सारे वाचते.

इथेच पुष्कळांची गफलत होते. बार हलका म्हणजे नळीतला दाबही कमी, असे ते धरून चालतात. पण धक्का आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धक्का ठरतो तो मुख्यतः छर्ऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर. दाब ठरतो तो दारू किती झपाट्याने जळते त्यावर. झटकन जळणारी दारू घातलेले २४ ग्रॅमचे काडतूस जड काडतुसाइतका, प्रसंगी अधिकही दाब निर्माण करू शकते. खांद्याला ते गोड वाटते. नळीला काय वाटले, ते खांद्याला कळत नाही.

जुन्या कितीतरी नळ्या सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या त्या ‘दमास्कस’ नळ्यांवरची नक्षी पाहतच राहावी अशी. सरसकट त्या सगळ्या टाकाऊ मात्र नव्हेत. धूरविरहित ‘नायट्रो’ दारूच्या चाचणीत उतरलेल्या दमास्कस नळ्याही आहेत. ते ओळखायचे शिक्क्यांवरून. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जबर बार उडवून बंदूक पारखतात आणि मगच शिक्का मारतात. पण शिक्का त्या दिवसापुरता. नंतर कुणी आतला गंज घासून काढला असेल, तर धातू पातळ झालेला असतो आणि शिक्का तसाच दिसतो.

आणखी एक फसवा प्रकार आहे काडतुसाच्या लांबीचा. जुन्या इंग्लिश बंदुकीचा काडतूस बसण्याचा कप्पा बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडाला की ती दुमड पुढच्या अरुंद भागात उलगडते, वाट आवळते आणि दाब चढतो. म्हणून जाणता कारागीर आधी कप्प्याची लांबी मोजतो, मग नळीची जाडी ठिकठिकाणी तपासतो. ब्रिटनमध्ये ६५ मिलिमीटरची हलकी काडतुसे अजूनही मिळतात. खोक्यावर ती कोणत्या चाचणीच्या बंदुकीसाठी आहेत ते छापलेले असते. ग्रॅमचा आकडा मात्र जास्त ठळक असतो.