सवय न लावणाऱ्या अफूचा शोध

दिवाळीत अनारसे खसखशीवर थापतात. ही खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बोंड हिरवे असताना त्याला चिरा पाडल्या, की पांढरा चीक पाझरतो. तो वाळून तपकिरी झाला की झाली अफू. बियांना नशा नसते, चिकाला असते. सणाचा पदार्थ, शस्त्रक्रियेनंतरचे मॉर्फीन आणि १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत शिरलेले 'गर्द' या तिन्हींचे मूळ असे एकाच बोंडात आहे.

व्यसनांविषयी बोलताना वर्गात एखादा मुलगा विचारतो, "डॉक्टर मॉर्फीन देतात, मग गर्द वाईट कसे?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मिळायला विज्ञानाला पावणेदोनशे वर्षे लागली.

अफूने वेदना थांबतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण मात्रेची होती. एका ढेपेतली अफू कमी पडे, तर दुसरीतली तेवढीच अफू जीव घेई. जर्मनीतील पाडरबोर्न येथे औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूच्या आम्लयुक्त द्रावणात अमोनिया घातला. तळाशी स्फटिक जमले. पुढे त्याने ते स्वतः घेतले आणि तीन तरुणांनाही दिले. चौघांनाही विषबाधा झाली. शेवटी व्हिनेगर पाजून उलट्या करवाव्या लागल्या. १८१७ साली त्याने हे सारे प्रसिद्ध केले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने या पदार्थाला नाव दिले होते. तेच आजचे मॉर्फीन. वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले हे पहिले अल्कलॉइड.

आता मात्रा मोजता येऊ लागली. अफूची सवय सोडवायला मॉर्फीन द्यावे, असेही काही डॉक्टर सुचवू लागले. सवय सुटली नाही, फक्त पदार्थ बदलला.

१८५३ साली स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वूड यांनी पोकळ सुई वापरून मॉर्फीन कातडीखाली टोचले. अफूची तल्लफ भुकेसारखी पोटात असते, असा तेव्हा अनेकांचा समज होता. औषध पोटात गेलेच नाही तर सवय कशी लागेल? तर्क सुबक होता, पण चुकीचा. टोचून घेतलेल्या मॉर्फीनची सवयही तशीच लागली.

तिसरा प्रयत्न रसायनशास्त्राचा. १८७४ साली लंडनमध्ये सी. आर. आल्डर राइट यांनी मॉर्फीनच्या रेणूला दोन अॅसिटिल गट जोडले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी हाच पदार्थ पुन्हा तयार केला. त्याच महिन्यात त्यांनी सॅलिसिलिक आम्लालाही अॅसिटिल गट जोडून अॅस्पिरिन बनवले होते. १८९८ पासून कंपनीने नवा पदार्थ खोकल्यावरचे औषध म्हणून विकायला काढला. त्याचे नाव हेरॉइन. त्याची सवय लागत नाही, अशी ग्वाही दिली जाई. मॉर्फीनच्या व्यसनावर उपाय म्हणूनही ते सुचवले गेले. १९१३ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले.

हेरॉइन फसवे का ठरले? अॅसिटिल गटांमुळे रेणू मेदात सहज विरघळतो, म्हणून तो मेंदूत झपाट्याने शिरतो. तिथे मात्र हे गट सुटतात आणि अखेर उरते ते मॉर्फीनच. वेश बदलून आत शिरलेला तोच पाहुणा! गर्द म्हणजे याच हेरॉइनचा अशुद्ध प्रकार.

खरा उलगडा १९७३ साली झाला. बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण केलेले नालोक्सोन वापरून मेंदूच्या पेशींवरची अफूची 'कुलुपे', म्हणजे ग्राही, दाखवून दिली. न्यूयॉर्क आणि उप्साला येथेही त्याच वर्षी ती सापडली. पण खसखशीच्या झाडासाठी प्राण्याच्या मेंदूत कुलूप कशाला असेल? १९७५ साली अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून मूळ किल्ली शोधली. ती होती एन्केफॅलिन, पाच अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती आपले शरीरच बनवते आणि लगेच मोडूनही टाकते. मॉर्फीन त्याच कुलपात तासन् तास बसून राहते.

ही कुलुपे एकाच जागी नाहीत. ती वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जारज्जूत आहेत, सुखाची जाणीव देणाऱ्या मेंदूतल्या जाळ्यात आहेत, श्वसनकेंद्रात आहेत आणि आतड्यांतही आहेत. म्हणून एकाच गोळीने वेदना थांबते, सुख वाटते, बद्धकोष्ठ होतो आणि मात्रा वाढली तर श्वास थांबतो. औषध रोज येऊ लागले, की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मग तेवढ्याच परिणामाला जास्त मात्रा लागते. औषध अचानक थांबले, तर दबून राहिलेले सारे उसळते. घाम, जुलाब, हातपाय मोडून येणे सुरू होते. काही काळ सोडून पुन्हा जुन्याच मात्रेने घेणारा दगावतो तो यामुळेच, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते.

हे कळल्यावरही जुना दावा परत आला. १९९६ साली अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही हळूहळू विरघळणारी गोळी व्यसनाचा धोका कमी असलेली म्हणून विकली गेली. ही दिशाभूल होती, असा गुन्हा पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. तोवर कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली होती.

उलट चूक आपण केली. अफूची परवानाबद्ध शेती आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या धास्तीने अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले आणि कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ही वाट थोडी सोपी करण्यात आली.

तेव्हा त्या मुलाला काय सांगायचे? मॉर्फीन आणि गर्द मेंदूत एकाच दाराशी येतात. फरक मात्रेत, शुद्धतेत, हेतूत आणि कोणाच्या देखरेखीखाली ते घेतले जाते यात आहे. 'याची सवय लागत नाही' असे त्याला उद्या कोणी मित्र सांगेल. हे वाक्य दोनशे वर्षांत मोठमोठ्या जाणकारांनी उच्चारले आणि ते प्रत्येक वेळी खोटे ठरले, एवढे त्याच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.