रूळ गेले, वाट राहिली

शिकागो शहर आणि त्याच्या पश्चिमेकडील गावे यांना जोडणारी विजेवरची रेल्वे १९५७ साली प्रवाशांसाठी बंद पडली. पुढे रूळही काढले गेले. रिकामा पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला असता, तर अखंड वाट पुन्हा कधीच मिळाली नसती. हा धोका ओळखून निसर्ग-अभ्यासक मे थीलगार्ड वॉट्स यांनी १९६३ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले : येथे पायवाट करू या. नागरिकांनी संस्था काढली. १९६६ साली स्थानिक प्रशासनाने जागा वापरायला दिली. साफसफाई स्वयंसेवकांनी केली. लोहमार्गाच्या कडेला नांगर फिरत नसल्याने तेथे गवताळ प्रदेशातील मूळ वनस्पती तगून होत्या. त्यांनाही आसरा मिळाला. आज ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ सुमारे १०० किलोमीटर लांब आहे. जागा सरकारने दिली. पण ती मागायला आधी लोक एकत्र यावे लागले.